ठेव म्हटलं की ठेवायचं

चमचा पडला तो नेमका टेबलाच्या पायाशी. पैलवानिणीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि वाकण्याऐवजी तो पायानंच टेबलाखाली सारला.

"आई, काही पडलं का?" मुलानं वर्तमानपत्रातून विचारलं.

"चमचा. पाहुणे आले की त्यालाही नाचायला होतं."

वाकलं की संपलं, हे तिला सकाळीच कळलं होतं. पाहुण्यांसाठी माळ्यावरची गादी ओढताना कमरेत कट्कन काहीतरी निसटलं आणि कळ थेट टाचेपर्यंत गेली. तेव्हापासून ती भिंतीच्या, ओट्याच्या, दाराच्या आधारानं वावरत होती, आणि आधार घेतेय हे कुणाला दिसू देत नव्हती.

नवरा पैलवान. आखाड्यात तो कधी उतरला नव्हता. मालधक्क्यावर जन्मभर पोती वाहून कमावलेल्या खांद्यांमुळे पडलेलं ते नाव. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली आणि तो पलंगाला खिळला. त्याला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर करणारी ती एकटी, म्हणून शेजारीपाजारी तिला पैलवानीण म्हणू लागले.

मुलानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "नाताळच्या सुट्टीत येतो, डोळ्यांनी बघतो. तुला झेपत असेल तर बाबा घरीच. नाहीतर आमच्याकडच्या केअर सेंटरमध्ये जागा बोलून ठेवलीय." आता तो बघायला आला होता.

सूनबाई दिवसभर गाडीत बसून अवघडली होती. कमरेमागे उशी घेऊन ती मोबाइलवरचं मोठ्यानं वाचत होती. "ऐका हं. नाताळच्या सुट्टीत पाठ कशी सांभाळाल? लांबच्या प्रवासात मध्ये मध्ये उतरून चाला. जड काही एकट्यानं उचलू नका. वाकायचं तर गुडघ्यात वाका. आणि दुखत असेल तर अंगावर काढू नका."

"छान लिहिलंय," पैलवानीण म्हणाली. "लिहिणाऱ्याच्या घरी चार गडी असणार."

सगळे हसले. तीही हसली, पण ओठांपुरतं. पोटातून हसलं की पाठीत सुरी फिरे. पलंगावरचा पैलवान मात्र हसला नाही. तो तिच्या पावलांकडे बघत होता.

जेवायची वेळ झाली तसा मुलगा उठला. "मी घेतो आज बाबांना."

"तू बस. बघायला आलायस ना? मग बघ."

तिनं खुर्ची पलंगाला भिडवली, चाकं अडकवली. पैलवानाचा चांगला हात आपल्या खांद्यावर घेतला, त्याच्या कमरेला मिठी घातली.

"तयार?"

त्याची नजर अजून तिच्या पावलांवरच होती.

"अहो, तयार का?"

"हं."

तिनं श्वास कोंडला, गुडघे वाकवले आणि उचललं. तो वीतभर वर आला. कमरेत आग पेटली, डावा पाय थरथरला. तिनं दात आवळले. एवढं एक वळण घेतलं की झालं. आज निभलं की उद्याही निभेल, सुट्टी सरेल, हे दोघं जातील...

"ठेव," पैलवान म्हणाला.

मालधक्क्यावर हा शब्द म्हणजे कायदा. ओझ्याखाली असलेल्या कुणीही 'ठेव' म्हटलं की त्याच क्षणी ठेवायचं. का, ते विचारायचं नाही, मागाहून टोमणा मारायचा नाही. ज्यांनी ऐकलं नाही त्यांची बोटं गेली, पाय गेले. पहिल्यांदा उचलायची वेळ आली तेव्हा त्यानंच तिला हे शिकवलं होतं. पण तो शब्द उचलणाऱ्याचा. ओझ्यानं बोलायची रीत नव्हती.

तिनं ठेवलं. पलंगाची कड धरून ती तशीच वाकलेली राहिली. सरळ होताच येईना.

"आई?"

"काही नाही रे. यांनी मध्येच मोडता घातला."

"तिची कंबर गेलीय," पैलवान शब्द ओढत म्हणाला. "सकाळीच. गादी काढताना."

सूनबाईनं मोबाइल पालथा ठेवला. मुलानं आईला धरून बाबांच्या शेजारी आडवं केलं. मग तो बाहेर जाऊन फोनवर दबक्या आवाजात बोलू लागला. कुणाशी, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"कशाला बोललात?" ती छताकडे बघत म्हणाली. "पेललं असतं मी."

"आज पेललं असतंस."

"मग?"

"उद्या दोघं आडवे पडलो तर पाणी कोण देणार? मांजर?"

"आपल्याकडे मांजर नाही."

"तेच म्हणतोय."

"हसवू नका मला. कळ येते." मग ती म्हणाली, "तिथल्या पोरांना कोण सांगणार, तुम्हाला कुठं धरायचं ते?"

"मी सांगेन. अर्धं तोंड आहे अजून."

सुट्टी संपली त्या सकाळी मुलानं आणि शेजाऱ्यानं मिळून पैलवानाला जिना उतरवला, गाडीत मागे बसवलं. त्याला पोचवायला पैलवानीणही निघाली होती. ती त्याच्या डाव्या हाताला बसली.

"आई, पट्टा लाव गं," मुलगा पुढून म्हणाला.

पट्टा तिच्या खांद्यामागे, दाराकडे लटकत होता. ती वळायला गेली, वळता येईना. मुलगा उतरायला लागला.

"थांब जरा," पैलवान म्हणाला.

तो तिच्या अंगावरून कलला. चांगल्या हातानं पट्ट्याची कडी धरली, ओढली. पट्टा मध्येच अडकला. त्यानं तो सैल सोडला, पुन्हा सावकाश ओढला. कडी खाचेत बसेना. त्याच्या कपाळावर घाम आला. तिनं हात पुढे केला नाही.

मुलानं इंजिन बंद केलं आणि समोरच्या रस्त्याकडे बघत बसून राहिला.