आलोशियसचं पथ्य

आलोशियस दारूला शिवत नसे. लग्नाच्या बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा, तिथेही ग्लास पुढे आला की हात आडवा करायचा. त्यामुळे १९८६च्या उन्हाळ्यात मुंबईला सोनोग्राफीत त्याच्या यकृतावर चरबी साठल्याचं निघालं, तेव्हा त्याच्या बायकोला, मार्गारेटला, आजारापेक्षा गावाचाच ताप जास्त झाला. चर्चमधून बाहेर पडताना बायका हळूच विचारत, "लपून घेतो का गं?" हे दारूचं नाही, मैद्याच्या तळलेल्या तेलकट फुग्यांचं, डुकराच्या मटणाचं, वाळवलेल्या गोड सुकेळ्यांचं आहे, हे सांगून सांगून ती थकली.

वसईच्या डॉक्टर कॉन्रॅडनी सरळ सांगितलं होतं. यावर गोळी नाही. वजन उतरवायचं, तळलेलं आणि गोड सोडायचं, रोज चालायचं. दवाखान्यातल्या सिस्टर इझाबेलनी काय खायचं, किती खायचं, तेही समजावलं होतं. पण हे ऐकायला आलोशियस एकटा जायचा आणि घरी येऊन सोयीचं तेवढंच सांगायचा.

"डॉक्टर म्हणाले, रविवारी चालतं."

"सिस्टर म्हणाल्या, सुकेळं म्हणजे फळच."

मार्गारेट बिनतेलाची भाजी करून करून कंटाळली, स्वतःही तीच खात राहिली, आणि त्याचं वजन मात्र तसूभर हललं नाही. एका संध्याकाळी ती शेजारी नणंदेकडे विळी मागायला गेली, तर आलोशियस चुलीपाशी बसून फुगे खात होता.

"तुझ्या घरात उपाशी मरतोय माझा भाऊ," बेटीबाय म्हणाली. "तोंड बघ कसं उतरलंय."

मार्गारेट विळी न घेताच परतली. बोलली असती तर भांडण गावभर गेलं असतं. सकाळी मात्र ती पुन्हा दारात उभी राहिली. "बेटीबाय, साडी बदला. दवाखान्यात जायचंय."

"मला काय झालंय?"

"यांना जेवायला तुम्ही घालता, म्हणून."

आलोशियसलाही तिने बरोबर घेतलं. दवाखान्यात तिने सिस्टर इझाबेलनाही डॉक्टरांच्या खोलीत बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "रविवारी चालतं, असं म्हणालात का हो डॉक्टर?"

"मी? कधी?"

"आणि सुकेळं?"

सिस्टरनी कपाळाला हात लावला. "पहिलं तेच बंद केलं होतं."

आलोशियस खिडकीबाहेर बघत बसला. डॉक्टरांनी बेटीबायला सगळं समजावलं. असंच चालू राहिलं तर पुढे यकृत कडक होत जातं, हेही सांगितलं. तिचा चेहरा पडला. "मला वाटलं, हिचंच काहीतरी खूळ," ती पुटपुटली.

"चूक आमचीही आहे," डॉक्टर म्हणाले. "आम्ही वेगवेगळे बोलत राहिलो आणि निरोप्या ठेवला पेशंटलाच."

तिथेच ठरलं. रक्त डॉक्टर तपासतील. जेवणाचं सिस्टर यापुढे मार्गारेटशीच बोलतील. संध्याकाळी किल्ल्यापर्यंत चालायला बेटीबाय नेईल.

पहिले महिने वाईट गेले. आलोशियस चिडचिड करायचा, पुढ्यातलं ताट सरकवायचा, लग्नाच्या सुपाऱ्या नाकारून रुसून बसायचा. मार्गारेटनेही बरेचदा भाकरी आपटली. वजन फार हळू उतरलं, मधे एकदा पुन्हा चढलंही. पण पुढच्या वर्षीच्या सोनोग्राफीत चरबी बरीच ओसरली होती. डॉक्टरांनी रिपोर्ट आधी मार्गारेटच्या हातात दिला.

घरी आल्यावर आलोशियस म्हणाला, "आता तरी बेटीबायला सांग, एक दिवस सुटी दे म्हणून. पाऊस असला तरी छत्री घेऊन दारात उभी असते."

"मी नाही सांगणार," मार्गारेट म्हणाली आणि चपला त्याच्या पुढ्यात सरकवल्या.