शेपटाचा जादा गळ

मी नदीवर मासे बघायला जात नाही, पाणी बघायला जाते. माहेरी आले की माझा धाकटा भाऊ दीपेश सावित्री नदीवर गळ टाकायला निघतो आणि मला राखणीला नेतो. त्याचं लक्ष माशावर, माझं मगरींवर. महाडच्या खालच्या अंगाला त्या समोरच्या रेतीवर ऊन खात पडलेल्या असतात. लोक म्हणतात, काही करत नाहीत. नसतील करत! माझं सासर कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पावसाळ्यात दरडी कोसळतात तरी मी बिनघोर झोपते. पण त्या रेतीवरची एक मगर जागेवर दिसली नाही की मी दीपेशला पाण्याबाहेर बोलावते.

यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ताईला जिताडा मासा खाऊ घालायचाच, असा त्यानं हट्ट धरला होता. त्याच्याकडे प्लास्टिकचा नकली मासा होता, बोटापेक्षा जरा मोठा, पोटाखाली तीन तोंडांचा गळ. पण जिताडा शेपटाकडून चावा घेऊन पळायचा. म्हणून शेपटाला दीपेशनं दोऱ्यानं जादा गळ बांधला. सकाळभर अंगणात तेच चाललं होतं. आधी बांधलेला गळ जड झाला, नकली मासा बादलीत शेपटावर उभाच राहिला. मग बारका गळ घेतला, दोरा आखूड केला, परत सोडला. मासा आडवा राहून अंग हलवायला लागला, तेव्हा कुठे स्वारी खूश झाली.

"दोरा कुठला रे?" मी विचारलं. आमचे बाबा गळ नेहमी कच्च्या दोऱ्यानं बांधायचे. अडकला तर गळ जावा, माणूस सुटावा.

"मुंबयवरनं मागवलाय. हत्ती बांध, तुटायचा नाय."

निघताना मी पिशवीत सुरी टाकली. त्यानं पिशवीच माझ्या हातातून काढून घेतली. "येडी हायस काय गो ताई?" आमच्याकडे गळाला जाताना पिशवी, जाळी, सुरी काही न्यायचं नाही. मासा मिळायच्या आधीच त्याची तयारी केली की नदी रिकाम्या हातानं परत पाठवते. मीही हे लहानपणापासून पाळत आलेय. सुरी फळीवर ठेवली आणि निघाले.

भरतीचं पाणी चढत होतं. दीपेश गुडघाभर पाण्यात, मी मागच्या कातळावर. रेतीवर दोन मगरी होत्या, ओंडक्यासारख्या पडलेल्या. बऱ्याच वेळानं काठी वाकली. मासा मोठा होता, दीपेश हसत होता, ओरडत होता, आणि खरं सांगते, मीही टाळ्या वाजवत उठले. मासा जवळ आला. जाळी नव्हतीच, म्हणून त्यानं खाली वाकून हात घातला. जिताड्यानं अंग फिरवलं आणि शेपटाचा मोकळा गळ दीपेशच्या उजव्या तळव्यात, अंगठ्याखाली, घुसला.

तो असा ओरडला की माझ्या टाळ्या जागीच थांबल्या. एका गळाला मासा, दुसऱ्याला माझा भाऊ, मध्ये बोटभर प्लास्टिक. मासा प्रत्येक हिसड्याला गळ आणखी आत नेत होता.

"सुरी दे! ताई, सुरी!"

मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. सुरी घरी फळीवर होती.

मी पाण्यात उतरले. शेपटाच्या गळाचा दोरा दातात धरला, करकचून चावला. तो कसला तुटतोय! हिरडीतून रक्त आलं, दोरा होता तसाच. मान वर केली तर रेतीवर एकच मगर. माझी नजर पाण्यावरून हटली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दीपेश, मागे सर. मागे सर रे!"

पाण्यावर दोन डोळे आणि नाकाचा उंचवटा दिसला, सरळ आमच्याकडे येणारा. माशाची धडपड तिला ऐकू गेली असणार. आम्ही कातळाकडे सरकलो, पण मासा उलटा ओढत होता. मग पाणी फुटलं आणि मासा मगरीच्या जबड्यात दिसेनासा झाला. दीपेश तोंडावर पडला, उजवा हात पुढे ताणलेला, आणि तो पाण्यात जायला लागला.

मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, टाच कातळाच्या खाचेत रोवली. दोरा तुटेल, आता तुटेल, असं मी देवाला म्हणत होते. नाही तुटला.

"सोड! ताई, दुखतंय, सोड!"

सोडला असता तर गेलाच असता. मी डोळे मिटले आणि सगळं अंग मागे टाकलं. काहीतरी फाटल्याचा आवाज झाला आणि तो माझ्या अंगावर येऊन पडला. दोरा नव्हता तुटला. तळवा फाटला होता.

महाडला दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली. "मगरीनं हात धरला होता का?"

दीपेशनं माझ्याकडे बघत खोटीच मान हलवली. हो.

"हे दातांचं नाही. कुणीतरी ताकदीनं ओढलंय. अंगठ्याची शीर तुटलीय. काय करता तुम्ही?"

"टेम्पो चालवतो," तो हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला अंगठा वाकवायला सांगितला, तो वाकेना. त्या न हलणाऱ्या अंगठ्याची मला मगरीपेक्षा जास्त भीती वाटली.

"मीच ओढला," मी म्हणाले. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओढीन."

दीपेश छताकडे बघत होता. त्याच्या डाव्या मुठीत माझ्या ओल्या ओढणीचं टोक होतं. नदीवरून निघाल्यापासून त्यानं ते सोडलं नव्हतं.