स्टुलाची करकर

नात शाळेत जायला लागली तरी धाकटी ती धाकटीच राहिली. कारण थोरली हयात होती, आणि नुसती हयात नाही, चांगली ठणठणीत होती. एकाच घरात दिलेल्या दोघी जावा. पडदे शिवायचं दुकान थोरलीने काढलं, मग धाकटीने समोरच्या फुटपाथवर तिच्याहून मोठं काढलं. चष्मा आधी थोरलीला लागला. आणि पिस्तूल? तेही आधी थोरलीनेच धरलं. कुणाबरोबर तरी सहज म्हणून नेमबाजीच्या रेंजवर गेली आणि बघता बघता ‘ब’ वर्गात जाऊन बसली. मग धाकटीला चैन कुठलं? तीही गेली, आणि ‘क’ वर्गात अशी अडकली की जणू कुणी दुहेरी टाका घालून ठेवलंय.

आता क्लबचा बायकांचा संघ मोठ्या स्पर्धेला निघाला होता. चौघींचा संघ. तीन जागा भरलेल्या, त्यातली एक अर्थात थोरलीची. चौथी रिकामी, आणि तिला अट एकच, ‘ब’ वर्ग. हंगामातला क्रमवारीचा एकच सामना उरला होता.

“पाण्याच्या बाटल्या भरायला ये हवं तर,” थोरली म्हणाली. “पिस्तुलाचं पुढच्या वर्षी बघू, धाकटे.”

“कोण कोणापुढे पाणी भरतं ते कळेलच, जाऊबाई,” धाकटी म्हणाली आणि थोरलीच्याच पुढ्यातला चहा उचलून पिऊन टाकला.

क्रमवारीचा टप्पा म्हणजे ठरलेली मांडणी. कुठल्याही क्लबात जा, पुठ्ठ्याची निशाणं तीच, अंतरं तीच, गोळ्या तेवढ्याच. त्यामुळे कुठल्या कोपऱ्यातली बाई देशातल्या सगळ्यात तरबेज माणसाच्या किती टक्के आहे ते सांगता येतं. त्या टक्क्यांवरच वर्ग ठरतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. नुसती घाई केली की गुण सांडतात, नेम धरत बसलं की वेळ सांडतो. क्लबच्या मास्तरांनी हे फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हा धाकटीने हात झटकला.

“कळलं. भराभर आणि सरळ. गिऱ्हाईक तेच मागतं, आणि तेही उद्याच्या उद्या.”

“टप्पा कुठला लागेल ते त्या दिवशी सकाळी कळणार,” मास्तर म्हणाले. “म्हणून अख्खा टप्पा पाठ करू नका, तुकडे पाठ करा. कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढणं. पहिली गोळी. एका निशाणावरून दुसऱ्यावर नजर नेणं. गोळ्यांचं मॅगझिन बदलणं. हे सगळं घरी, पिस्तूल रिकामं ठेवून. आणि हा टायमर न्या. बीप कधी लवकर देतो, कधी उशिरा, ऐकणाऱ्याला अंदाज येत नाही.”

“घरात सून असताना यंत्र कशाला?”

मास्तरांनी टायमर परत खिशात टाकला. धाकटीशी वाद घालून कुणाचं भलं झाल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

झालं, कोरा सराव सुरू झाला. सकाळी, शिलाईवाल्या बायका यायच्या आधी, दुकानातल्या लांब खोलीत. गोळ्या लोखंडी कपाटात बंद, किल्ली सुनेच्या गळ्यात. आधी सून पिस्तूल उघडून आत बोट घालून बघायची, मग सासू, मग पुन्हा सून. समोरच्या कोऱ्या भिंतीला बारीक पुठ्ठे टाचलेले. धाकटीच्या कानावर रेंजवरचेच कानपट्टे, मोठा आवाज दाबणारे आणि बारीक आवाज मोठा करून ऐकवणारे. ते घालूनच सराव करायचा हा तिचा हट्ट. “लग्नात घालायचं ते आधी घालून बघावं,” असं ती म्हणायची. सून मागे स्टुलावर बसून तोंडाने “टीं!” करायची आणि सासूचा हात कमरेकडे झेपावायचा.

आठवड्याभरात हात असा निघायला लागला की “टीं”ची वेलांटी संपायच्या आत पिस्तूल पुठ्ठ्यावर. धाकटीने शिलाईवाल्या सगळ्या बायकांना करून दाखवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पगार तीच देत होती, टाळ्या न वाजवून जातात कुठे?

मग क्लबात सरावाचा सामना लागला. धाकटी रेघेवर उभी राहिली, हात सैल सोडून. मास्तरांनी मागून विचारलं, “तयार? सावध...” आणि तेवढ्यात बाकावर बसलेली थोरली जरा सरकली. बाक करकरलं. धाकटीचा हात पिस्तुलावर!

“थांबा! बीप झालेला नाही!”

पुन्हा उभं केलं. “तयार? सावध...” बीप वाजला, चांगला खणखणीत वाजला, आणि धाकटी खांबासारखी उभीच. काहीतरी यायचं राहिलंय, असं तिला वाटत होतं. काय, ते कळेना. भानावर आली तेव्हा निम्मा वेळ गेला होता. तो भरून काढायला तिने अशी घाई केली की दोन गोळ्या पुठ्ठ्याला न शिवताच गेल्या.

“आधी पळतेस, मग झोपतेस,” थोरली म्हणाली. “मधलं काही जमतं का गं तुला?”

धाकटीने कानपट्टे पिशवीत कोंबले आणि तरातरा चालू लागली.

घरी येऊन ती दुकानात गेली, गळ्यात मोजायची फीत अडकवली आणि कापड कापायला घेतलं. सून सँडल काढायला मागच्या स्टुलावर टेकली. स्टूल करकरलं. सासूचा उजवा हात कमरेवर असा थाडकन आपटला की कात्री खाली पडली.

सुनेने आधी कात्रीकडे बघितलं, मग स्टुलाकडे.

सून उठली. परत बसली. करकर. सासूचा हात परत कमरेवर.

“आई,” सून हळूच म्हणाली, “‘टीं’ करायला मी पुढे वाकते ना, तेव्हा हे वाजतं. तुम्ही माझं ऐकतच नाही. स्टुलाचं ऐकता.”

“तुझं ऐकते असं मी कधी म्हटलं होतं?” धाकटी खेकसली. पण बसली ती कपाळाला हात लावूनच. इतके दिवस स्वतःला वीज समजत होती, आणि निघाली कुणाची, तर चार पायांच्या लाकडाची शिष्या.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांच्या दारात उभी. “ते यंत्र द्या. आणि हसायचं असेल तर मी गेल्यावर.”

मास्तरांनी टायमर दिला आणि गंभीर राहून सांगितलं, “आता वेग विसरा. आधी सावकाश. प्रत्येक गोळीला नळीच्या टोकावरचा लाल ठिपका दिसला का, एवढंच बघा. दिसला तर गोळी कुठे गेली ते पुठ्ठा न बघता सांगता येतं. वेळ हळूहळू आपोआप कमी होईल. ओढून कमी करायला जाल तर उसवेल.”

शिकायला आठवडा लागला होता, विसरायला त्याहून जास्त लागला. आता टायमर त्याला वाटेल तेव्हा वाजायचा आणि सून स्टुलावर मुद्दाम डुलायची. कधी कात्री पाडायची, कधी खोकायची, तर कधी ऐन वेळी विचारायची, “आई, रात्री वरण करू का?” बीपआधी सासूचा हात हलला की त्या दिवशी रिळं भरायचं काम सासूकडे. शिलाईवाल्या बायका तर या खेळावर टपूनच बसल्या. एकीने शिंकायचा सराव केला. पहिले काही दिवस धाकटीने इतकी रिळं भरली की बायकांना आयतं बसून कंटाळा आला. मग रिळं कमी झाली. मग एका सकाळी सून डुलली, कात्री पडली, तिघी एकदम शिंकल्या, आणि धाकटी कोऱ्या भिंतीकडे बघत शांत उभी राहिली. बीप झाला. पिस्तूल वर आलं. लाल ठिपका पुठ्ठ्याच्या मधोमध बसला.

“रिळं तुमची तुम्ही भरा गं,” ती मागे न बघता म्हणाली.

सामन्याच्या दिवशी टप्पा लागला तीन निशाणांचा. प्रत्येकावर दोन गोळ्या, मॅगझिन बदलायचं, पुन्हा प्रत्येकावर दोन. मास्तर आकडेमोड करून म्हणाले, “साठच्या वर टक्के आणलेत तर तुम्ही ‘ब’.” धाकटीने मान हलवली. दिवसभरात तिने कुणाला टोमणा मारला नव्हता. सुनेला काळजी वाटायला लागली.

ती रेघेवर उभी राहिली. कानपट्ट्यांतून सगळं ऐकू येत होतं. कुणाचा तरी बूट खडीवर घासला. मागे कुणीतरी पाणी प्यायलं.

“तयार? सावध...”

आणि बाक करकरलं. हळू नाही, चांगलं जोरात, दोनदा.

सुनेने डोळे मिटले. धाकटीच्या उजव्या हाताची बोटं तेवढी जरा ताणली गेली, आणि सैल पडली. करकर आली, अंगावरून गेली, लांब कुठेतरी जाऊन बसली.

बीप.

हात निघाला. ठिपका दिसला, गोळी. ठिपका, गोळी. पुढचं निशाण. पाचवी गोळी सुटताना ठिपका जरा डावीकडे होता. तिला कळलं, गेली ती कडेला. जाऊ दे. उसवलेल्या टाक्याकडे बघत बसलं की पुढची शिवण वाकडी. मॅगझिन खाली पडलं, दुसरं खट्‌कन बसलं, जणू बॉबिनच बसवली. ठिपका, गोळी, ठिपका, गोळी, आणि संपलं. शेवटच्या गोळीचा आवाज विरेपर्यंत ती तशीच उभी होती, पाय रोवून. जशी गिऱ्हाइकासमोर उभी राहते, दर कमी करणार नाही म्हणून.

तिने पिस्तूल रिकामं करून दाखवलं, होल्स्टरमध्ये घातलं, आणि मगच मास्तर पुठ्ठ्यांपाशी गेले. अकरा गोळ्या मधोमध. एक डावीकडे कडेला.

“पाचवी,” धाकटी लांबूनच म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, टायमरकडे बघितलं, भागाकार केला, आणि पुन्हा केला. मग आवाज चढवून म्हणाले, “अडुसष्ट टक्के. ‘ब’ वर्ग. संघ पूर्ण!”

सुनेने अशी किंकाळी फोडली की कानपट्टे काढलेल्या सगळ्यांनी ते परत घातले. धाकटीने आपले कानपट्टे सावकाश काढले आणि मगच मागे वळली. थोरली बाकावर अगदी मधोमध बसली होती.

“बाक तुम्ही वाजवलंत.”

“वाजवलं. तुझ्या सुनेने स्टुलाची गोष्ट सांगितली होती मला.” थोरलीने सुनेकडे बघितलं, सुनेने आभाळाकडे. “मोठ्या स्पर्धेत माणसं काय तुझ्यासाठी श्वास रोखून बसणार आहेत? बाक वाजलं की हलणारी बाई मला संघात नको होती.”

“आणि हलले असते तर?”

“तर बाटल्या भरायला नेलं असतं. शब्द दिला होता तसं.”

धाकटीला हसू आलं होतं, पण ते थोरलीला दाखवायचं म्हणजे फुकटचे उपकार. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, उलटी करून दाखवली. एक थेंबही पडला नाही.

“जाऊबाई,” ती म्हणाली, “नळ त्या बाजूला आहे.”

सगळा क्लब बघत होता. थोरलीने तोंड वाकडं केलं, गुडघ्यावर हात ठेवला, “वर्ग मिळाला, अक्कल कधी मिळायची,” असं पुटपुटली, आणि उठली. बाक करकरलं.

बाटली काठोकाठ भरून आली.