दाताला रुई नको

मी रुई. वडूजजवळच्या एका वस्तीवर, धुळा मेंढपाळाच्या घरामागच्या बांधावर वाढले. पाणी कधी कुणी घातलं नाही, तरी बहात्तरच्या दुष्काळातही मी हिरवीच होते. शनिवारी माझी पानं मारुतीला जातात. एरवी जनावरंसुद्धा मला तोंड लावत नाहीत.

धुळाची आई हरणाबाई काटे काढण्यात हुशार. माणूस असो की मेंढी, ती माझं पान खुडायची, पांढरा चीक काट्यावर सोडायची, वर गूळ बांधायची. सकाळी काटा वर आलेला असायचा. मला त्याचा अभिमान होता.

दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या वर्षी तिच्या सुनेची, अंजनाची, दाढ ठणकू लागली. अंजना रोज बाभळीच्या काडीनं दात घासायची, पण कीड आधीच खोल गेली होती. लवंग धरली की घटकाभर बरं वाटे, मग पुन्हा तेच. चौथ्या दिवशी हरणाबाई वाटी घेऊन माझ्याकडं आली.

"आई, मेंढीचा खूर न्हाई त्यो," धुळा म्हणाला. "वडूजला डागदर हाय की."

"गप रं. तुज्या टाचंतला काटा काय डागदरानं काढला व्हता? रुई काटा वडती, ठणका बी वडंल."

"आत्याबाई, लय आग व्हईल का वं?" अंजनानं विचारलं.

"व्हईल थोडी. सोसायची."

हरणाबाईनं चिकात बुडवलेला कापूस दाढेत बसवला. अंजनाची किंकाळी मला बांधावर ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी हिरडी पांढरी पडून सोलली. आता तरी ही थांबेल, असं मला वाटलं. हरणाबाईनं पुन्हा पान खुडलं.

तिसऱ्या सकाळी सूज गालावरून मानेत उतरली. जबडा उघडेना, पाणीही गिळवेना. धुळानं आता आईला विचारलं नाही, बैल जुंपले. हरणाबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली. माझा चीक अजून तिच्या बोटांना चिकटलेला होता.

चार दिवस दाराला कडी होती. पाचव्या दिवशी गाडी परतली, तेव्हा अंजना तीत बसलेली दिसली. शेजारच्या कोंडीबाला धुळा सांगत होता, "मुळाशी पू झाल्ता. डागदर म्हणला, लवंगनं ठणका दबतो, पू न्हाई जात. आन् रुईनं त्वांड भाजलं. आजून एक दिस गेला आस्ता तर श्वास कोंडला आस्ता."

हरणाबाई खाली बघत ऐकत होती. अंजनाचं तोंड आजही दोन बोटांपुरतंच उघडतं. सासूच तिला भाकरी दुधात कुस्करून देते.

काल पलीकडच्या वस्तीवरची एक बाई गालाला पदर लावून बांधावर आली. हरणाबाई मेंढरांमागं गेली होती. अडवायला कुणीच नव्हतं. बाईनं माझ्या पानाला हात घातला.

पान खुडलं की चीक येणारच. तो मला आवरता येत नाही. बाई, हात तुम्हीच आवरा.