इतिहासातून वगळलेल्या एकतीस जणी

एप्रिलातल्या एका बुधवारी सकाळी हिल्केबाई नेहमीसारख्या सायकलवरून आल्या. ओला कोट खुंटीला टांगला, कॉफी टाकली आणि संस्थेचा पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायला बसल्या. पुस्तकावर नाव संचालक प्रोफेसर लिंडेबोम यांचं येणार होतं. लिहायचं मात्र बाईंनी, कारण एकोणीस वर्षं नोंदणी विभाग सांभाळल्यामुळे कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे हे त्यांनाच ठाऊक. आमच्या हॉलंडात मोठ्या माणसाने पुस्तक लिहिलं म्हणजे कुठल्यातरी बाईची पाठ दुखते, हे आता नवीन राहिलेलं नाही.

ही संस्था विकासाचं उच्च शिक्षण देणारी. पूर्वी याच इमारतीत जावा-सुमात्रावर राज्य करायला जाणारे अंमलदार घडत. राज्य गेलं, तशी पाटी बदलली आणि गरीब देशांतल्या अधिकाऱ्यांना विकास शिकवणं सुरू झालं. खुर्च्या त्याच राहिल्या, आणि त्यांवर बसणाऱ्यांचा रुबाबही.

दर साली तुकडीचे दोन फोटो निघत, सप्टेंबरात एक आणि जुलैत एक. प्रोफेसरांनी बजावलं होतं की पुस्तकात फक्त जुलैचे घ्यायचे. त्या दिवशी बाईंनी सहज दोन्ही फोटो शेजारी ठेवले. सप्टेंबरात नऊ बायका, जुलैत सात. दुसऱ्या सालात सहाच्या पाच. मधल्या काळात कमी झालेल्या बायका कुठे गेल्या हे बाईंना फोटो न पाहताही माहीत होतं.

सांगताना किळस येते, पण सांगतो. शिष्यवृत्तीवर आलेल्या प्रत्येक बाईची पहिल्याच आठवड्यात ‘आरोग्य तपासणी’ होई. लघवीची बाटली, तिच्यावर नावाची चिठ्ठी. जिला दिवस गेलेले निघत, तिला आठ दिवसांत विमानात बसवत. पुढे वर्षभरात कधीही कळलं तरी तेच. नोंदवहीत लिहीत, ‘घरगुती कारणास्तव परत’. पुरुषाची बायको तिकडे बाळंत झाली तर त्याचं अभिनंदन होई. आणि याच इमारतीत ‘माता आणि विकास’ हा विषय आठवड्यातून दोनदा शिकवत. बाटल्यांचा ट्रे दवाखान्यात नेणाऱ्या हिल्केबाई. नियमच आहे, असं त्या स्वतःला सांगत.

बाईंनी नोंदवह्या काढून मोजलं. पंचवीस वर्षांत एकतीस जणी.

त्याच एप्रिलमध्ये बत्तिसावी निघाली. अकोसुआ दार्को, घानातल्या कुमासीची, आरोग्य खात्यात अधिकारी, तुकडीत सगळ्यांत हुशार. नाताळात तिचा नवरा पंधरा दिवस भेटायला आला होता. आता तिला चौथा महिना होता आणि पदवीला तीन महिने उरले होते. पदवीविना परतली तर खात्यातली जागाही जाणार होती. वसतिगृहाच्या सफाईवालीने चहाडी केली, आणि सोमवारी बैठक लागली.

बाईंनी अकोसुआला आधी गाठून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाई, माझ्या आईने सात पोरं वाढवली आणि भर बाजारात कापडाचं दुकान चालवलं. मला एक प्रबंध लिहिता येणार नाही होय?”

सोमवारच्या बैठकीत प्रोफेसर लिंडेबोम खुशीत होते. त्यांच्या लेकीला शनिवारी मुलगी झाली होती. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी लोणी लावलेले रस्क आणले होते, वर गुलाबी-पांढऱ्या साखरेत घोळवलेली बडीशेप. सगळ्यांनी तोंड गोड केलं, बाळाचं वजन विचारलं. अकोसुआला दाराबाहेर बाकावर बसवलेलं होतं. तिला कुणी रस्क दिला नाही.

मग मिशीला चिकटलेली साखर पुसत प्रोफेसर कामाकडे वळले. “आपण इथे मेंदू बोलावतो, पाळणे नाही. हिल्के, नेहमीचं पत्र तयार कर.” नोंदणी विभागाच्या सहीशिवाय मंत्रालय शिष्यवृत्ती थांबवत नसे, म्हणून हे पत्र.

“कलम कोणतं घालू?” बाईंनी विचारलं.

“नेहमीचं.”

“तेच सापडत नाही, साहेब. इतिहासासाठी मी पहिल्या दिवसापासूनची सगळी इतिवृत्तं वाचली. असं कलम कधी मंजूरच झालेलं नाही. पहिल्या वर्षी तेव्हाच्या संचालकांच्या पत्नींनी चहाला आल्या असताना सुचवलं, की अशा बायका शक्यतो नसाव्यात. कारकुनाने ते समासात टिपून ठेवलं. बस, एवढंच.”

पंचवीस वर्षं हे शहाणे लोक एकमेकांना नियम सांगत होते आणि एकानेही तो उघडून पाहिला नव्हता. कायद्याचे प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले.

“रीत म्हणून काही असतं की नाही?” प्रोफेसर म्हणाले.

“असते. ट्रे उचलून उचलून मीच ती पाळली. आता सही करणार नाही. मला काढायचं तर काढा, पण कारण लेखी द्या.”

कारण लेखी द्यायची हिंमत कुणाला झाली नाही. त्यांनी अकोसुआला वसतिगृहातून मात्र हलवलं, ‘इतरांना संकोच होतो’ म्हणून. बाई तिला घरी घेऊन आल्या. बाईंचे यजमान विबे, कालव्याची दारं उघडण्या-लावण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, यांनी वरची खोली रिकामी केली आणि वाटाण्याच्या सुपाचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. बायकोला म्हणाले, “एकोणीस वर्षांनी तोंड उघडलंस. मला वाटलं होतं, ते घरापुरतंच आहे.”

जुलैत अकोसुआ सातव्या महिन्याचं पोट घेऊन परीक्षकांसमोर उभी राहिली आणि पहिल्या वर्गात पास झाली. आणि लाज कशी नसते पाहा. पदवीच्या दिवशी हेच प्रोफेसर छायाचित्रकाराला घेऊन आले. इतिहासाच्या मुखपृष्ठासाठी तिचाच फोटो हवा होता. पोट दिसेल अशी उभी राहा म्हणाले, संस्था मातांसाठी किती करते हे जगाला कळू दे.

“नाही,” अकोसुआ म्हणाली, आणि पायऱ्या उतरून निघून गेली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बाईंनी तिच्यापुढे पहिल्यांदाच माफी मागितली. बोलता बोलता रडू लागल्या.

अकोसुआने पेला बाजूला ठेवला. “मला कशाला सांगता, बाई? मला माझी पदवी मिळाली. ज्यांना मिळाली नाही, त्यांना सांगा.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत बाईंनी इतिहासाची पानं गुंडाळून बाजूला सारली आणि टाइपरायटरवर कोरा कागद चढवला. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या सालातलं पहिलं नाव इंडोनेशियातल्या एका बाईचं होतं, आता ती पन्नाशीला आली असेल. बाईंनी लिहिलं: ‘तुम्ही कोणताही नियम मोडला नव्हता. तसा नियमच नव्हता. आम्ही तुम्हाला घालवून दिलं, आणि तुमची बाटली मी माझ्या हातांनी नेली. तुमची जागा तुमचीच आहे. यायचं असेल तर कळवा.’

असं पत्र पाठवायचा त्यांना अधिकार नव्हता. त्यांनी खाली पूर्ण सही केली, हुद्दा लिहिला, एक प्रत प्रोफेसरांच्या टेबलावर ठेवली आणि दुसरा कागद चढवला.