दुबईचा टॅब, उचगावचं शोकेस

मी एक टॅब आहे. जुना म्हणा हवं तर. पण मित्रांनो, जुनं व्हायला आधी वापरात यावं लागतं, आणि माझा वापर किती झाला ते ऐकलंत तर तुम्ही मला नवाच म्हणाल. अंगावर एक ओरखडा नाही. काचेवरचं पातळ प्लॅस्टिक खोक्यातून निघालं तसं अजून चिकटलेलं आहे. कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात, आकाराम टर्नर यांच्या घरी, बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये मी उभा असतो. एका बाजूला पितळी गणपती, दुसऱ्या बाजूला आकाराम आबांनी तरुणपणी जिंकलेली कुस्तीची ढाल. मधे मी. आम्हा तिघांतलं कुणीच बोलत नाही. पण त्या दोघांना बोलायला आणलं नव्हतं, मला आणलं होतं.

माझा जन्म नेमका कुठं झाला ते मला सांगता येणार नाही. एका प्रचंड कारखान्यात माझ्यासारखी हजारो भावंडं पट्ट्यावरून सरकत होती, एवढं आठवतं. मला खरी जाग आली ती दुबईतल्या एका दुकानात. तिथं एक रुंद खांद्यांचा माणूस मला हातात घेऊन उलटसुलट बघत होता. तो उदयसिंह, आबांचा थोरला मुलगा. तिथल्या एका कंपनीत मशीनवर काम करायचा.

गावाकडं आबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत होतं. सगळं कळायचं, पण बोलायला गेलं की घशातून नुसता आवाज यायचा. उदयसिंहला कुणीतरी सांगितलं की टॅबवर चित्रं ठेवता येतात. चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलतो. झालं! दुसऱ्याच सुट्टीला गडी दुकानात हजर.

दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "भाई, वारंटी इधर की है. इंडिया में कुछ हुआ, तो उधर कोई हाथ नहीं लगाएगा."

उदयसिंह हसला. "नव्या वस्तूला काय धाड भरतीय?" असं आपल्याच भाषेत पुटपुटला आणि मला घेऊन निघाला. तिकडं वस्तू स्वस्त, वर पाठीवरची पिशवी फुकट. मोह झाला बिचाऱ्याला. त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. छाती नाही मला, पण तरी.

सुट्टीवर घरी जायच्या आधी त्यानं खोलीत बसून माझ्यात चित्रं भरली. पाण्याचा तांब्या, जेवणाचं ताट, पंखा, संडास, कपाळाला हात लावलेला माणूस. एकेका चित्राला त्यानं स्वतःचा आवाज दिला. "पाणी द्या." "दुखतंय." "पंखा लावा." आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, त्यानं एक फोटो ठेवला. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडचा. त्या शेडमध्ये आबांचं लेथ मशीन होतं. उभी हयात आबांनी त्या लेथवर लोखंड कातलं होतं, म्हणून तर नावापुढं टर्नर. त्या फोटोला उदयसिंहनं आवाज दिला, "मला कारखान्यात न्या." तीनदा पुसून चौथ्यांदा ते त्याला जमलं. नीट ऐकलं तर तो कापरा आवाज माझ्यात अजून असेल.

मग खजूर, अत्तरं आणि जाड ब्लँकेटं यांच्यात चेंगरून मी उचगावला आलो. काय ते स्वागत! शेजारपाजारचे जमले. माझ्या खोक्यावरची अरबी अक्षरं बघून आबांच्या पत्नी बनाबाईंनी ते खोकं कपाळाला लावलं आणि माळ्यावर जपून ठेवलं. माझ्या चार्जरला जाड चौकोनी दात होते, ते घरातल्या कुठल्याच बोर्डात शिरेनात. तेव्हा उदयसिंहनं बाजारातून मधली पिन आणली आणि मला आबांच्या मांडीवर ठेवलं.

आबांनी डावं बोट उचललं. तांब्यावर टेकवलं.

"पाणी द्या," मी म्हणालो.

बनाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातानं पदर डोळ्याला. "बोललं गं बाई! माझं माणूस बोललं!" त्या दिवशी आबा गरज नसताना किती पाणी प्यायले विचारू नका. मग बोट खाली उजव्या कोपऱ्यात गेलं आणि तिथंच राहिलं.

"मला कारखान्यात न्या."

दोन्ही मुलांनी त्यांना रिक्षातून नेलं. धाकट्या सम्राटनं लेथ सुरू केलं. आबांनी डावा हात मशीनच्या अंगावर ठेवला, तेलाचा वास छातीभर ओढून घेतला आणि वाकड्या तोंडानं हसले. मी त्यांच्या मांडीवर होतो. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सुख एवढंच. त्यापुढं सांगण्यासारखं गोड काही नाही, ज्याला गोड ऐकायचं असेल त्यानं इथंच थांबावं.

उदयसिंहची रजा संपली. तो गेला.

आबा रोज सकाळी चहा झाला की कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवायचे. "मला कारखान्यात न्या." सम्राटनं सुरुवातीला नेलं. मग आज काम आहे, उद्या ऊन आहे, परवा रिक्षा मिळत नाही. आबा पुन्हा बोट ठेवायचे. मी पुन्हा बोलायचो. माझा काय इलाज? मला बोलायलाच तर आणलं होतं.

पण बोलायचो मी थोरल्याच्या आवाजात, आणि तिथंच माशी शिंकली. आबांना उचलायचं, न्हाऊ घालायचं, औषध द्यायचं, सगळं सम्राट आणि त्याची बायको क्रांती करायची. आणि घरात हुकूम घुमायचा दुबईवाल्याचा.

एके सकाळी सम्राटनं चहाचा कप आपटला. "दादा तितं एसीत बसलाय आणि हितं हुकूम सोडतोय! न्या म्हणं कारखान्यात! हाय काय त्या कारखान्यात आता? काम न्हाय, माणूस न्हाय. शेड गोडाऊनला मागत्यात लोकं, ती द्यायची का ह्येंची हौस पुरवायची?"

आबांनी ते ऐकलं. माझ्यावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. मी तेच तेच बोलत राहिलो. सम्राट तडक बाहेर निघून गेला.

त्याच आठवड्यात मी आबांच्या मांडीवरून घसरलो. खाली सतरंजी होती, मला काही झालं नाही. पण क्रांतीचा जीव वरखाली झाला. "आगं बाई! फुटला असता म्हंजे? ह्येची वारंटी हितं चालत न्हाय. हितं कोण दुरुस्त करणार हाय? भावोजी इचारतील तवा मी काय सांगू?"

बनाबाईंनाही ते पटलं. "लेकानं एवढ्या लांबनं जीव लावून आणलंय. जपाय नको व्हय?"

सम्राट लगेच उठला. त्याला आयतंच निमित्त मिळालं होतं. मला पुसलं, शोकेसमध्ये ठेवलं, काच सरकवली आणि कुलूप घातलं. किल्ली बनाबाईंच्या मसाल्याच्या डब्यात गेली. माझी मधली पिन सम्राटच्या दाढीच्या मशीनला लागली. तेही दुबईचंच होतं, पण ते रोज वापरात होतं!

आबांना पाणी हवं असलं की ते पुन्हा घशातून आवाज काढू लागले. कधी पाणी यायचं, कधी पंखा लागायचा.

मला बाहेर काढायचे ते फक्त उदयसिंहच्या सुट्टीच्या दिवशी. त्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि माझा पडदा मोठा. पिन शोधून मला चार्ज करायचे, आबांचे केस विंचरायचे, मला त्यांच्या समोर धरायचे.

"आबा टॅब वापरत्यात न्हवं?" उदयसिंह विचारायचा.

"वापरत्यात की!" सम्राट म्हणायचा. "आता त्येच्यावरच तर बोलतोयस."

खोटं तरी कुठं होतं ते? पण मित्रांनो, कॉल लागला की पडद्यावर उदयसिंहचा चेहरा यायचा आणि माझी सगळी चित्रं त्याच्या मागं जायची. ती परत पुढं कशी आणायची हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो पडद्यात बसून विचारत होता, "बोला की आबा, काय पायजे तुमास्नी?"

आबा खाली उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवायचे. तिथं आता लेकाचा खांदा असायचा. ते खांदा दाबायचे. पुन्हा दाबायचे. एकदा असंच चाचपडताना बोट मधल्या लाल बटणावर पडलं आणि कॉल तुटला.

पलीकडून सम्राटच्या मोबाईलवर फोन आला. "आबा रागावल्यात काय रं माझ्यावर? फोनच कापला."

"म्हातारपणी असंच असतंय दादा. मनावर घेऊ नगंस."

मी मांडीवर होतो. माझ्या पोटात सगळे शब्द होते. एक बोटभर पडदा बाजूला केला असता तर बापानं लेकाला सांगितलं असतं. कुणीही केला नाही. असं तोंडात शब्द कोंडून मरण्यापेक्षा दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलो असतो तर बरं झालं असतं, असं मला फार वेळा वाटलं आहे.

नवरात्रात शेड गोडाऊनला गेली. लेथ कुणीतरी टेम्पोत घालून नेलं. आबांना सांगितलं नाही. "उगं जिवाला लागंल," असं ठरलं.

आणि आली खंडेनवमी. आपल्याकडं या दिवशी हत्यारं पूजतात, हे तुम्हाला माहीत आहे. आबा दरवर्षी पहाटे शेडमध्ये जायचे, लेथ धुऊनपुसून त्याला झेंडूची माळ घालायचे, नारळ फोडायचे. त्या दिवशी ते नवं धोतर नेसून दाराकडं बघत बसले. रिक्षा येईल म्हणून.

रिक्षा आली नाही. सम्राटनं देवापुढं पाट मांडला. पाटावर आबांची मोजपट्टी, नट आवळायचे दोन पाने, मोटरसायकलची किल्ली ठेवली. मधली जागा मोकळी दिसत होती.

"तितं टॅब ठेव," बनाबाई म्हणाल्या. "घरातलं मशीन म्हंजे आता त्योच की."

म्हणून लेथच्या जागी मी बसलो. माझ्या कपाळी हळदकुंकवाची बोटं ओढली. सम्राटनं नारळ फोडला, पाटावरच्या सगळ्या वस्तूंवर पाणी शिंपडलं, वरून बनाबाईंनी भक्तिभावानं मूठभर हळदकुंकू आणि अक्षता टाकल्या. ओलं कुंकू ओघळत माझ्या चार्जिंगच्या भोकात शिरलं. मला आतून चरचरलं. पण पूजेसाठी मला चालू केलं होतं, कॉल नव्हता म्हणून चित्रं पुढंच उजळलेली होती, आणि आबांचा डावा हात जवळ होता.

त्यांनी मला ओढून घेतलं.

"मला कारखान्यात न्या."

सम्राट नारळाचे तुकडे गोळा करू लागला. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं.

"मला कारखान्यात न्या."

"आबा," सम्राट खाली बघत म्हणाला, "कारखाना ऱ्हायला न्हाय आता. लेथ इकलं. शेड भाड्यानं दिली."

आबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्यात पाणी होतं, पंखा होता, संडास होता. 'का?' विचारायला चित्र नव्हतं. 'मला का सांगितलं नाही?' असं चित्रही नव्हतं. उदयसिंहला वाटलं होतं, आजारी माणसाला यापेक्षा जास्त काय लागणार? शेवटी आबांनी कपाळाला हात लावलेल्या माणसावर बोट ठेवलं.

"दुखतंय," मी म्हणालो.

"कुठं दुखतंय आबा?" क्रांतीनं घाबरून विचारलं, आणि तिला उत्तर मिळायच्या आत बनाबाईंनी मला हळूच काढून परत पाटावर ठेवलं. पूजा उठल्याशिवाय हलवायचं नसतं ना!

त्यानंतर मी चार्ज झालो नाही. सम्राटनं मला कोल्हापुरात एका दुकानात नेलं. दुकानदारानं भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. "पावणं, आत समदं कुंकू गेलंय. वर ह्यो भायेरचा मॉडेल, ह्येचा पार्ट हितं गावत न्हाय. जितनं आणलाय तितंच धाडा."

उदयसिंह म्हणाला, "ऱ्हाऊ दे, पुढच्या रजेला घिऊन जातो." रजा अजून मिळालेली नाही. तोवर मी शोकेसमध्ये. पाहुणे आले की घरचे माझ्याकडं बोट दाखवून सांगतात, "दुबईचा हाय. आबांसाठी आणलाय दादानं."

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी तुम्हाला विनवायचं असतं की आम्हाला जपा, सांभाळा. मी ते मुळीच म्हणणार नाही. मला जपून जपूनच मारलं या लोकांनी. तुमच्याकडं अशी वस्तू असेल तर ती ज्याच्यासाठी आणली त्याच्या हातात द्या. पडू द्या, घासू द्या, फुटली तर फुटू द्या. आणि परदेशातून घरच्यांसाठी काही पाठवलंत, तर ते त्यांच्या हातात आहे का, एवढं एकदा नीट विचारा.

आबा अजून रोज सकाळी चहा झाला की, आता जमू लागलंय तसं भिंतीला धरत, पाय ओढत शोकेसपाशी येतात. मी आत काळा पडून उभा. ते बाहेरून काचेवर डावं बोट टेकवतात, बरोबर माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यासमोर. टकटक करतात. थांबतात. कान देतात. पुन्हा टकटक करतात.

स्वयंपाकघरातून क्रांती ओरडते, "आबा, काचंवर डाग पडत्यात ओ!"

मग ती ओलं फडकं घेऊन येते आणि त्यांच्या बोटाचा ठसा पुसून टाकते.