वाघिणीचे डोळे

“ताई, वाघिणीचे डोळे उघडा. मुलांच्या पुस्तकात एवढा थकवा नको,” प्रकाशक फोनवर पुन्हा तेच म्हणाले.

डोळे उघडा म्हणे! दिवसभर अकोल्याच्या शाळेत चित्रकला शिकवायची, घरी सासूबाईंचं पथ्यपाणी बघायचं आणि मग या पुस्तकांसाठी ब्रश धरायचा. माझ्या हातून जागी वाघीण येणार कुठून?

तरी म्हटलं, जाऊ दे, उघडते. त्याआधी ती चित्रं भातकुलीच्या एका शाळेत मुलांना दाखवायला नेली. चौथीतली पिंकी गोष्ट वाचायला उभी राहिली. बछड्यांची मस्ती तिनं खणखणीत आवाजात वाचली. पुढं झोपलेल्या वाघिणीचं पान आलं आणि तिचा आवाज एकदम खाली गेला.

“काहून कुजबुजून राहिली? जोरात वाच!” सर ओरडले.

“सर, तिचा आत्ताच डोळा लागला ना,” पिंकी म्हणाली. “मायी माय बी वावरातून आली का अशीच बसल्या बसल्या झोपते.”

परतीच्या बसमध्ये प्रकाशकांचा फोन आला. “उघडले का डोळे?”

“हळू बोला,” मी म्हटलं. “झोपलीय ती.”